नवी वाट नको, जुनीच वाट उन्हाळ्यात उघडा

मंगळवारी-शनिवारी जामसांवलीला लागणारी गाड्यांची रांग पाहिली, की या भागात पर्यटन कशाला म्हणतात ते वेगळं सांगावं लागत नाही. नागपूर-छिंदवाडा रस्ता सोडायचा, गाडी जमेल तितकी मंदिराजवळ न्यायची, पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचं दर्शन घ्यायचं, नारळ फोडायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरी परतायचं. त्यात वावगं काही नाही. देवाला आलेल्याने देव पाहावा. पण २०२३ मध्ये इथे श्री हनुमान लोक या मंदिर-संकुलाचं भूमिपूजन झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, आणि नव्या जिल्ह्याला आज ना उद्या पर्यटनाचा आराखडा लागणारच. आराखडा म्हटला की कमान, वाहनतळ, रुंद रस्ता आणि फोटो काढायचा चौथरा हे ठरलेलं. ही यादी पक्की होण्याआधी एका गोष्टीचा विचार व्हावा, कारण तिला पैसा जवळजवळ लागत नाही. जामसांवली-सौंसरच्या आसपास सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या जुन्या गाडवाटा आहेत, पांदणी आहेत, तेंदूच्या फडापर्यंत ट्रक नेण्यासाठी पडलेले कच्चे रस्ते आहेत. त्यांतली एक वाट निवडून ती उन्हाळ्यात, सकाळचे तीन तास, रानफुलं आणि रानातले जीव पाहण्यासाठी सायकलींना खुली करावी. नवी वाट खोदू नये, जुनीवर मुरूमही टाकू नये. आणि उन्हाळा हा शब्द इथे चुकून आलेला नाही, तोच या सूचनेचा गाभा आहे.

आपल्याकडे रान पाहायचं ते पावसाळ्यात, असा एक पक्का समज झाला आहे. धबधबे, धुकं, हिरवेगार डोंगर, आणि फुलं म्हटली की साताऱ्याचं कास पठार. कास खरोखरच तसं आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकारलेल्या पश्चिम घाटातल्या स्थळांत ते आहे आणि त्याची फुलं भाद्रपद-आश्विनातली. पण सह्याद्रीच्या कातळपठाराचं वेळापत्रक सातपुड्याच्या सागवनाला लावून चालत नाही. सौंसर-रामाकोन्याच्या वर, सिल्लेवानी घाटाच्या अंगाने जे जंगल आहे ते पानझडीचं आहे. साग, साजा, धावडा, सालई, तेंदू, मोह, चारोळी, पळस ही त्यातली मुख्य मंडळी. पावसाळ्यात हे जंगल हिरवं असतं खरं, पण त्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. फुलतं ते कोरड्या महिन्यांत. पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे फूल लांबून दिसतं, मधमाशीलाही आणि पाखरालाही. खोडात आणि खोल मुळांत धरून ठेवलेल्या पाण्यावर झाड फुलून घेतं, आणि यांतल्या बऱ्याच झाडांचं बी मृगाच्या आगेमागे जमिनीवर पडतं, म्हणजे पहिल्या पावसाला ते रुजायला तयार असतं. पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगायची गरज नाही. मृग बहार धरायचा म्हणून तो भर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. रानाला तो ताण निसर्गच देतो आणि बहारही तोच धरवतो.

हा बहार एकदम येत नाही, पाळीपाळीने येतो, आणि म्हणूनच तो एका फेरीत पाहून संपत नाही. शिमग्याच्या सुमाराला पळस, त्याच्या आगेमागे उघड्या टेकडीवर सोनसावरीची पिवळी मोठाली फुलं, ओढ्याकाठी काटेसावर, उतारावर धायटीची लाल नळकांडी. पळसाचंच फूल हातात घेऊन पाहा. काळपट, मखमली पुष्पकोशातून ते बाहेर येतं. पाच पाकळ्यांतल्या दोन जोडून बाकदार होतात आणि पुंकेसर आपल्यात झाकून ठेवतात. मध तळाशी. तिथवर चोच किंवा तोंड घालायचं तर ही जोडपाकळी दाबली जाते, पुंकेसर उघडे पडतात आणि पराग येणाऱ्याच्या गळ्याला लागतो. शिंजीर हे काम करतो, खारही करते. पोपट मात्र बरीचशी फुलं नुसती कुरतडून खाली टाकतो. मोहाचं दुकान रात्री चालतं. वटवाघळं येऊन जातात आणि पहाटे रसाळ पाकळ्या टपटप गळतात, पुढे फळ धरायला लागणारा भाग तेवढा झाडावर राहतो. चैत्र-वैशाखात बहाव्याचे घोस लोंबू लागतात. त्याच्या फुलात मधाचा मोह नाही, मिळतात ते परागच. भुंगा परागकोशाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते सुटतात. सायकल थांबवली आणि इंजिन नसेल, तर ती गुणगुण ऐकू येते. मग कुड्याची पांढरी, वासाची फुलं. याच वाटेच्या कडेला घाणेरीही रंगीबेरंगी फुललेली सापडेल आणि पाहुणे तिचेच सगळ्यांत जास्त फोटो काढतील. ती परदेशी झुडूप आहे आणि खालचं गवत मारते, हे त्यांना सांगणारं कोणी तरी बरोबर असायला हवं.

पाखरांचंही तेच. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, ज्याला मराठीत स्वर्गीय नर्तक म्हणतात, तो ओढ्याच्या सावलीत याच दिवसांत जोडी जमवून घरट्याला लागतो. नराची पांढरी शेपटी पानझडल्या झाडीत लपत नाही. नवरंग दक्षिणेकडून पावसाच्या जरा आधी येऊन पोचतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. पावशाचं ओरडणं तर गावातही ऐकू येतं. पिंपळ-उंबराच्या फळांवर हरियाल आणि तांबट जमतात, आणि त्यासाठी रानात जायचीही गरज नाही, जामसांवलीच्या पिंपळापासूनच सुरुवात करता येईल. जनावरं पाण्याच्या आसपास फिरतात म्हणून चितळ, रोही, रानडुक्कर यांचे माग धुळीत स्पष्ट उठतात. माग ओळखायला शिकायचं तर धूळ ही सगळ्यांत चांगली पाटी. पेंच आणि सातपुडा या दोन व्याघ्र प्रकल्पांमधल्या वाघांची ये-जा छिंदवाड्याच्या जंगलांतून होते, तेव्हा कधी तरी त्या धुळीत मोठा पंजाही उमटलेला असेल. इथूनच मात्र विरोधाचा मुद्दा सुरू होतो, आणि तो गंभीर आहे.

जंगलात सायकल हे ऐकल्याबरोबर निसर्गप्रेमी माणूस दचकतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे हेल्मेट घालून उतारावरून सुसाट येणारा गडी उभा राहतो. माउंटन बाइक हा खेळ जन्मला तोच तसा: १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली वणवा विझवण्यासाठी केलेल्या डोंगररस्त्यांवरून खाली सोडल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत तो पोचला, आणि त्याच मरिनमध्ये पायी फिरणारे आणि सायकलवाले यांचं भांडणही जुंपलं. हा खेळ जामसांवलीला आणावा असं कोणी म्हणत नाही. पण चाकाने रानाचं नुकसान पावलापेक्षा जास्तच होतं, हे गृहीतक तपासून पाहिलेलं आहे. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये बॉइन व्हॅली उद्यानात दोन संशोधकांनी पानझडीच्या जंगलातल्या न तुडवलेल्या जमिनीवर मुद्दाम चालणारे आणि सायकलवाले, पाचशे फेऱ्यांपर्यंत नेऊन पाहिले. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आला तो असा: झाडोऱ्याचं आणि मातीचं नुकसान दोघांचं सारखंच, आणि ते वाटेच्या मध्यरेषेपासून फूटभराच्या आत. मोंटानातल्या त्याआधीच्या, १९९४ च्या एका अभ्यासात माती सगळ्यांत जास्त मोकळी केली ती घोड्यांच्या खुरांनी. कॅनडाची माती सातपुड्याची नव्हे, हे मान्य. म्हणून तर ही वाट नवी पाडायची नाही, बैलगाड्यांनी आणि गुरांनी शंभर वर्षं तुडवून आधीच टणक केलेली घ्यायची, असं म्हणणं आहे.

आणि म्हणूनच उन्हाळा. ओल्या मातीत चाक रुततं, चाकोरी पडते, पुढच्या सरीत त्या चाकोरीची घळ होते. पांढुर्ण्याकडच्या काळ्या जमिनीत तर पावसाळ्यात सायकलच काय, पायातली चप्पलही निघत नाही. चिखलाबरोबर गाजर गवताचं बी टायरला चिकटून दूर जातं. वैशाखात वाळलेल्या, कडक वाटेवर यांतलं काहीही जवळपास होत नाही. पर्यटन खात्यांचा कल पावसाळी सहलींकडे असतो, गर्दीही तेव्हाच लोटते. जमिनीच्या हिशोबाने तो सगळ्यांत वाईट हंगाम आहे. कोरड्या दिवसांत ज्यांना यायचं ते येतील आणि थोडेच येतील, हा या हंगामाचा दोष नसून गुण आहे.

माती झाली, जनावरांचं काय? इथे पुरावा सायकलवाल्यांच्या बाजूने इतका सरळ झुकत नाही. अमेरिकेच्या युटा राज्यात अँटिलोप बेटावर बायसन, हरणं आणि प्रॉन्गहॉर्न यांच्यावर झालेला, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पायी माणूस आणि सायकलवरचा माणूस यांना जनावरं जवळजवळ सारखीच बुजतात, आणि वाटेपासून शंभर मीटरच्या आतलं जनावर उठून जाण्याची शक्यता सत्तर टक्के. म्हणजे निरुपद्रवी असं कोणीच नाही. त्यातून एक शिकण्यासारखं असं की माणूस वाट सोडून रानात शिरला की हरणं आणखी बुजतात. ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या वेळी जाणाऱ्याची त्यांना थोडी तरी सवय होते. दुसरं असं की सायकलवाला तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापतो, म्हणून एकूण त्रास त्याचा जास्त होऊ शकतो. याला उत्तर वाटेच्या लांबीत आहे. वाट आठ-दहा किलोमीटरांपेक्षा लांब नसावी आणि ती पाणवठ्यापाशी जाऊ नये. मे महिन्यात एका डबक्यावर चार मैलांतली जनावरं अवलंबून असतात. तिथे कॅमेरे घेऊन उभं राहणं म्हणजे त्यांना तहानलेलं ठेवणं. फोटो उत्तम येतात, हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

जमिनीवर घरटं करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते सायकलविरोधातला तोच सगळ्यांत वजनदार मुद्दा. रातवा घरटं बांधतच नाही. सागाच्या वाळक्या पाचोळ्यात, कधी अगदी वाटेच्या कडेला, अंडी ठेवतो आणि त्यांच्यावर असा बसतो की दोन हातांवरूनही दिसत नाही. टिटवी मोकळ्या खडीवर चार खडे मांडावेत तशी अंडी घालते. दोघांचाही हंगाम उन्हाळ्याचा. चाकोरीतून बाहेर गेलेलं एक चाक तिथे पुरेसं आहे. म्हणून ओळीने, एकामागे एक, गाडवाटेच्या चाकोरीतूनच चालवणं, कोणाला वाट द्यायची तर उतरून उभं राहणं, फोटोसाठी सायकल कडेला पाचोळ्यात आडवी न टाकणं, हे साधे वाटणारे नियम या वाटेवर सक्तीचे असायला हवेत, आणि ते पाळून घेणारा माणूस प्रत्येक तुकडीबरोबर असायला हवा. तो माणूस मिळत नसेल त्या दिवशी वाट बंद.

अस्वलाच्या बाबतीत तर सायकलची जी खुबी म्हणून सांगितली जाते तीच घातक ठरते. ती आवाज करत नाही. २०१६ च्या जूनमध्ये मोंटानात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळच्या जंगलवाटेवर सायकलने वेगात जाणारा एक वनाधिकारी वळणावर अस्वलावर जाऊन आदळला आणि मारला गेला. नंतरच्या चौकशीत बोट ठेवलं गेलं ते वेग, शांतता आणि पुढचं न दिसणं या तिन्हींच्या एकत्र येण्यावर. आपलं अस्वल त्या अस्वलापेक्षा लहान असलं तरी नजरेने अधू आहे, अचानक समोर आलेल्यावर धावून जाणं हा त्याचा स्वभाव आहे, आणि मोहाच्या फुलांचं त्याला वेड आहे. विदर्भात आणि मध्य प्रदेशात मोह वेचणाऱ्या बायामाणसांवर दर वर्षी हल्ले होतात ते उगाच नव्हेत. पहाटे दोघांनाही एकाच झाडाखाली काम असतं. तेव्हा सायकलला घंटी हवी आणि वळणाआधी ती वाजायला हवी, चढउतारावर वेग माणसाच्या धावण्यापलीकडे जाता कामा नये, आणि मोहाच्या दिवसांत जंगलाच्या आतल्या टप्प्यात सायकल नकोच.

यातून वाटेचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. होळीपासून गावशिवाराचा टप्पा: जामसांवली, संत्र्याच्या बागा, बांधावरचे आणि पडीकातले पळस, नदीकाठच्या काटेसावरी. पळसासाठी दाट जंगलात जावंच लागत नाही, तो माणसाच्या वस्तीच्या कडेलाच जास्त दिसतो. जंगलातला टप्पा अक्षय तृतीयेनंतर, मोह आटोपल्यावर, आणि मृग लागला की सगळंच बंद. वैशाखात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झालेली असते. १९६४ पासून मध्य प्रदेशात या पानाचा व्यापार सरकारकडे आहे. पन्नास पानांची गड्डी, गड्ड्या मोजून घेणारा फडमुंशी, आणि पावसाआधी हातात येणारे रोख पैसे, यावर कितीतरी घरांचा शाळा-दवाखान्याचा खर्च चालतो. पहाटेच्या वाटेवर पहिला हक्क डोक्यावर पानांचा भारा घेतलेल्या बाईचा आहे. सायकलवाला उतरून उभा राहील, हे नियमात लिहिलेलं असावं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार मानलेला आहे, तेव्हा वाट कोणती, दिवस कोणते, माणसं किती, हे ठरवताना ग्रामसभेला कळवणं पुरेसं नाही, तिने ठरवायला हवं. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहेच. म्हणून वनखात्याची सही लागेल, पण सहीआधी ठराव लागेल.

आणखी दोन हरकती लगेच पुढे येतात. एक उन्हाची. नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे कोण सायकल चालवणार? साडेपाचला उजाडतं आणि साडेआठपर्यंत ऊन सोसण्याजोगं असतं. पाखरंही त्याच तीन तासांत बोलतात आणि मग सावलीला जातात, त्यामुळे नऊनंतर वाट खुली ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही. नवतप्याचे नऊ दिवस ती बंदच ठेवावी. दुसरी हरकत वणव्याची आहे आणि ती जास्त खरी आहे. मोह वेचणं सोपं व्हावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे, त्यातून आग पसरते, आणि दोष मात्र नेहमी कोणाच्या तरी बिडीवर ढकलला जातो. बाहेरच्यांना आत सोडलं तर काड्यापेटी आत जाणारच, असं वनरक्षक म्हणेल तर त्याचं चुकत नाही. पण नाक्यावर काड्यापेटी-लायटर जमा करणं अवघड नाही. आणि रोज पहाटे दहा माणसं ज्या वाटेवरून जातात तिथला धूर दुपारपर्यंत कोणाला कळलाच नाही, असं होत नाही.

हे शहरी चोचले आहेत, असंही म्हटलं जाईल. चाळीस-पन्नास हजारांची गियरची सायकल गाडीच्या टपावर बांधून नागपूरची मंडळी येणार, पळसाचे फोटो काढून जाणार, गावाला काय? ही हरकत माउंटन बाइकला लागू पडते, सायकलला नाही. मध्य प्रदेश सरकार दुसऱ्या गावी शाळेत जाणाऱ्या सहावीच्या आणि नववीच्या मुलामुलींना वर्षानुवर्षं फुकट सायकली देत आलं आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या कितीतरी घरांत ती सायकल ओसरीत उभी आहे. गाडवाटेवर हळू चालवायला तिच्यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि जिथे चढ जास्त आहे तिथे उतरून ढकलायचं; ढकलताना जास्तच दिसतं. भाड्याने सायकली ठेवण्याचा प्रयोग मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जुना आहे, कान्हेरीपर्यंत लोक त्यांवरून जातात. तिथे डांबरी रस्ता आहे आणि गर्दी मुंबईची आहे, त्यामुळे नक्कल करू नये. भाडं कोणाच्या हातात पडतं एवढंच पाहावं. इथे ते बचत गटाच्या किंवा वनसमितीच्या हातात पडावं, आणि बरोबर चालणाऱ्या गावच्या पोराला दिवसाची मजुरी मिळावी. कुलूचा डिंक कोणत्या सालीतून येतो, सालईचं लाकूड कशाला वापरतात, हे त्याला घरातून ठाऊक असतं. रातवा कुठे बसतो हे त्याला शिकवावं लागेल, आणि त्यासाठी एक उन्हाळा पुरतो.

सगळ्यांत मोठी भीती वेगळीच आहे. आज सायकलची वाट, उद्या तिच्या टोकाला चहाची टपरी, परवा तिथे जायला रस्ता आणि तेरवा रिसॉर्ट. ही भीती खोटी ठरवणं मला जमणार नाही, कारण महाराष्ट्रात हे डोळ्यांदेखत घडलेलं आहे. कास पठारावर गर्दी आवरायला रोज तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली, आसपासच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांना उभं राहावं लागलं. तिथे तारेचं कुंपणही घातलं गेलं. गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि पुढे ते कुंपण काढावं लागलं. त्यातून घेण्यासारखं हे की रान पाहणाऱ्यांसाठी जितकं बांधाल तितकं पाहायला कमी उरतं. म्हणून इथली मर्यादा आधीच, आणि लाजिरवाणी वाटावी इतकी लहान असावी: दिवसाला तीस माणसं, तीन तुकड्या. वाटेच्या टोकाला काहीच नसावं. जिथे वळायचं तिथे एक दगड पुरे. आणि जामसांवलीची लाखोंची गर्दी या वाटेकडे वळवायचा विचार तर कोणीही करू नये.

इतक्या अटी घालून मग कशाला हा उपद्व्याप, असं विचारणारा वाचक चुकीचं विचारत नाही. उत्तर नोंदींमध्ये आहे. बहावा पूर्ण फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. फुलांवरून पिकांचा अंदाज बांधायची रीत तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेइतकी जुनी आहे. त्यात या विषयावर अख्खा अध्याय आहे. हे सगळं खरं की नुसतं ऐकीव, हे एकाच झाडाच्या दहा-वीस वर्षांच्या तारखा हातात असल्याशिवाय सांगता येत नाही. ऋतू मागेपुढे होत आहेत असं सगळेच म्हणतात. संत्र्याचा बहार चुकला की बागायतदार तर कळकळीने म्हणतो. पण अमुक पळस अमुक साली कोणत्या तारखेला फुलला, हे लिहून ठेवलेलं किती गावांत सापडेल? सीझनवॉच हा देशभर चालणारा उपक्रम नेमकं हेच करतो: एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं नोंदवायची. शाळेची मुलं ते करतात. एका ठरलेल्या वाटेवर, खुणा केलेल्या चाळीस-पन्नास झाडांवर, दर वर्षी होळीपासून मृगापर्यंत अशा नोंदी झाल्या, तर नव्या जिल्ह्याकडे स्वतःची एक वही होईल. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ महिन्यामहिन्याने लिहिलं, मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता आयुष्यभर टिपणं ठेवली. मराठी वाचकाला रान पाहायला शिकवलं ते अशा रोजच्या, हळू चालणाऱ्या नजरेने. पायी चालून हे होणारच नाही असं नाही. पण आठ किलोमीटर जाऊन-येऊन सोळा, उन्हाच्या आत, आणि वाटेत पन्नास झाडांपाशी थांबून, हे पायी बसत नाही. जीपमधून तर झाड दिसतच नाही. सायकल त्या तीन तासांत बसते, आणि तिच्या बाजूने मला एवढंच म्हणायचं आहे.

यात वनखात्याची भूमिका पाळत ठेवण्याची असावी, वाट सजवण्याची नव्हे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रातव्या-टिटवीची घरटी कमी झालेली दिसली, मोह-तेंदू वेचणाऱ्यांची तक्रार आली, किंवा वाटेच्या बाहेर टायरच्या खुणा आढळू लागल्या, तर वाट बंद करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे असावा आणि तो वापरताना तिला भोपाळला विचारावं लागू नये. नियम पाळून घेण्याची तयारी नसेल तर ही वाट उघडूच नये. न उघडल्याने रानाचं काही बिघडत नाही. तयारी असेल तर मात्र सौंसर-पांढुर्ण्याच्या लोकप्रतिनिधींनी, देवस्थानाने आणि आसपासच्या ग्रामसभांनी येत्या फाल्गुनाआधी एकदा एकत्र बसावं, एकच वाट नकाशावर आखावी आणि हनुमान लोकच्या वाहनतळात तीस सायकलींपुरता सावलीचा कोपरा आणि पिण्याच्या पाण्याचा एक नळ मागून घ्यावा. मागणी आत्ताच करायला हवी. वाहनतळ एकदा गाड्यांनी भरला, की त्यातली जागा सायकलीला कोणी परत देत नाही.